मदत हवी आहे: बॅकअप हार्ड डिस्कवर ठेवू की ऑनलाइन?

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या शाहूपुरीत माझा लग्नाच्या फोटोंचा छोटा स्टुडिओ आहे. २०१९ च्या महापुरात कॉम्प्युटर वेळेवर माळ्यावर चढवला, पण बॅकअपची हार्ड डिस्क खालच्या ड्रॉवरमध्येच राहिली. चिखल पुसून, वाळवून लावून बघितली, तर नुसती टकटक वाजत राहिली. लोकांच्या लग्नाचे फोटो होते ते, परत कुठून काढणार?

आता १ टीबी डेटा आहे. डिस्क एकदाच घ्यायची, कॉपीही भरभर होते. पण ती दुकानातच ठेवली तर पूर, चोरी, शॉर्टसर्किट, सगळं कॉम्प्युटर आणि डिस्क दोन्हीवर एकदमच येणार. ऑनलाइनला ती भीती नाही. पण माझ्या नेटचा अपलोड १० एमबीपीएस, म्हणजे अखंड चालू ठेवलं तरी नऊ दिवसांवर जातात, शिवाय पैसे दरवर्षी. गुगलची फुकटची १५ जीबी तर एका लग्नातच संपते.

मला वाटतंय, एक डिस्क दुकानात, दुसरी कागलला बहिणीकडे आणि निवडक फोटो ऑनलाइन. असं कोणी करतंय का? दुसऱ्या जागी ठेवलेली डिस्क किती दिवसांनी आणून अपडेट करता? आणि इकडे चुकून डिलीट केलेली फाइल तिकडूनही जाऊ नये, यासाठी कोणती सेटिंग ठेवता? पावसाळ्याआधी हे लावून टाकायचंय.