शंभर टक्के तुमचे! पण कशाचे?

पेटीवाला_मिरज
आपली गाणी स्पॉटिफायसारख्या ॲपवर चढवून देणाऱ्या कंपन्यांबद्दल, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरबद्दल, काल एका महाशयांनी इथे टाकलं, "डिस्ट्रिब्यूटरला कमिशन देणारा कलाकार मूर्ख. वर्षाची वर्गणी भरा, हवी तेवढी गाणी चढवा, कमाई १०० टक्के तुमची." खाली बदामांचा पाऊस. रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितोय.

माझी गाणी चारच. गेल्या वर्षी मिळून ४१ हजार वेळा वाजली, जवळपास सगळी भारतातच. हातात आले १४०० रुपये. आता करा हिशेब. सीडी बेबी कंपनीसारखे ९ टक्के कापले तर गेले १२६. रूटनोट कंपनीसारखं फुकट चढवून १५ टक्के दिले तर २१०. वर्गणीवाल्यांचा आकडा वीस-पंचवीस डॉलर, म्हणजे दोन हजारांच्या आसपास, तोही दरवर्षी. २१० वाचवायला दोन हजार भरायचे आणि वर मूर्ख मीच! सीडी बेबीला चढवताना पैसे लागतात, मान्य. पण दर रिलीजला एकदाच.

शिवाय २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला पैसाच नाही. अशा गाण्याचे शंभर टक्के म्हणजे भोपळ्याचे शंभर टक्के.

बीटमास्तर_७
ते महाशय मीच. वर्षाला चार गाणी काढणाऱ्यांसाठी मी लिहिलंच नव्हतं. मी महिन्याला तीन काढतो. कोळीगीतं, हळदीची, गणपतीच्या आधी तर आठवड्याला एक. छत्तीस गाण्यांचे सुटे सुटे पैसे भरले तर माइक विकावा लागेल. तुमचं गणित पेटीपुरतं बरोबर आहे.

पेटीवाला_मिरज
"पेटीपुरतं" लक्षात ठेवतो.

ओवी_कराड
तुमचे हिशेब तुम्हाला लखलाभ. माझे बाबा कीर्तन करायचे. लॉकडाऊनमध्ये त्यांनी भावाला समोर बसवून फोनवर १२ अभंग रेकॉर्ड केले. मागे पंख्याची घरघर, तिसऱ्या अभंगात कुकरची शिट्टी. एका वर्गणीवाल्या कंपनीतर्फे चढवले. पुढे बाबा गेले. खातं त्यांच्या मेलवर, कार्डही त्यांचंच. कार्ड बंद झालं, वर्गणी चुकली. एकादशीला आत्या अभंग लावायला गेली तर एकही सापडेना. आठ मेल केले, मृत्यूचा दाखला पाठवला. दर वेळी तेच छापील उत्तर, "खातेदाराने लॉगिन करावे."

सांगलीचा_खटपट्या
ताई, वाईट वाटलं. पण त्यासाठी मरायचीही गरज नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेचा ऑटो-डेबिटचा नियम लागू झाला आणि माझी परदेशी वर्गणी आपोआप कापली जायची थांबली. सूचना आली ती जाहिरातींच्या मेलमध्ये पडून. मी जिवंत, कार्ड जिवंत, गाणी गायब.

ओवी_कराड
"मरायचीही गरज नाही" हे वाचून बरं वाटलं हो.

सांगलीचा_खटपट्या
सॉरी. तोंडाला लगाम नाही माझ्या.

बीटमास्तर_७
वर्गणी थांबल्यावरही गाणं राहावं अशी सोय वर्गणीवाल्या डिस्ट्रोकिडमध्ये आहे, जादा पैसे भरून. "लीव्ह अ लेगसी" म्हणतात. अटी वाचायच्या असतात, एवढंच म्हणतो.

पेटीवाला_मिरज
आणि ते जादा पैसे दर रिलीजमागे वेगळे, हे का गिळलंत? करा गुणिले छत्तीस! मग सांगा माइक कोण विकतंय. नाव तरी काय, लेगसी! जिवंतपणीच तेराव्याचं बुकिंग.

एकतारी
अभंगावरून आठवलं. मी तुकोबांचा एक अभंग गायलो, चाल माझी स्वतःची. यूट्यूबवर टाकला, दुसऱ्या दिवशी क्लेम! पावणेचारशे वर्षांपूर्वी वैकुंठाला गेलेल्या माणसाच्या शब्दांवर कुठली तरी कंपनी हक्क सांगते. इंद्रायणीत बुडवा म्हणावं आता!

सांगलीचा_खटपट्या
शब्दांवर कुणी हक्क सांगत नाही हो. यूट्यूबची कंटेंट आयडी नावाची यंत्रणा आवाज जुळवून बघते. मागे तानपुरा कुठला लावला होता?

एकतारी
ॲपमधला. का?

बीटमास्तर_७
मग झालं! तोच तयार लूप आणखी कितीजणांनी वापरला असेल. त्यातल्या एखाद्या शहाण्याने गाणं चढवताना कंटेंट आयडीच्या चौकोनात टिचकी मारली की तो तानपुरा "त्याचा". जे फक्त आपलंच आहे तेच तिथे नोंदवायचं असतं, पण वाचतो कोण? डिस्प्यूट टाका. समोरच्याला ३० दिवस असतात, तेवढ्यात तो बोलला नाही तर क्लेम सुटतो.

शब्दवेडी
लूपचं सोडा. एकतारी, तुमचा अभंग मी ऐकलाय. ती चाल "स्वतःची" आहे? माझी आजी रेडिओवर ऐकून हीच चाल गुणगुणायची. शब्द संतांचे असले तरी चाल बांधणाऱ्या संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो.

एकतारी
भैरवी आहे ती! भैरवी काय कुणाच्या बापाची आहे?

शब्दवेडी
राग कुणाच्याच बापाचा नसतो. चाल असते.

एकतारी
म्हणजे मी चोर? सरळ बोला ना. तीस वर्षं भजनी मंडळात घालवली मी. वारीत चार लोक गातात ती चाल कुणाची, सांगा! गेल्या साली दिवेघाटात पाऊस लागला, टाळ भिजले, तेव्हा आम्ही विचारत बसलो नाही की बाबांनो, ही पेटंट आहे का!

शब्दवेडी
वारीत गाणं वेगळं आणि "संगीतकार: मी" असं लिहून चढवणं वेगळं. तुम्ही नाव टाकलंत म्हणून बोलले. मी गीतकार आहे, मला ही जखम माहीत आहे. माझं एक गाणं लग्नांत वाजतं, आणि चढवणाऱ्या गायकाने गीतकाराच्या रकान्यातही स्वतःचंच नाव भरलं. विचारलं तर म्हणे, "फॉर्ममध्ये एकच रकाना होता." २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क वारस आणि कॉपीराइट सोसायटी सोडून कुणाला लिहूनही देता येत नाही. पण कागदावर माझं नावच नसेल तर आयपीआरएस, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी सोसायटी, पैसे कुणाला देणार?

पेटीवाला_मिरज
मंडळी, धागा डिस्ट्रिब्यूटरचा होता.

शब्दवेडी
डिस्ट्रिब्यूटरचंच बोलतेय. त्यांच्याकडून येतो तो रेकॉर्डिंगचा पैसा. गीतकार-संगीतकाराचा आयपीआरएसमधून येतो, त्यासाठी सभासद वेगळं व्हावं लागतं. तुमच्या १४०० मध्ये तो धरलाय?

पेटीवाला_मिरज
…नाही. सभासदच नाही मी. घ्या, हसा.

बीटमास्तर_७
९ टक्क्यांवर प्रबंध लिहिणारे शास्त्रीबुवा सभासदच नाहीत! 😂

पेटीवाला_मिरज
हसून झालं असेल तर छत्तीस गुणिले लेगसी किती झाले ते सांगा.

बीटमास्तर_७
सांगतो. माझी हळदीची गाणी पुढच्या सीझनला कुणी ऐकत नाही, त्यामुळे लेगसी मी एकाचीही घेतलेली नाही. गेली तर गेली. पण कराडच्या ताईंच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. माणूस नसतानाही जे राहायला हवं, ते वर्गणीवर ठेवू नये. झालं समाधान? फ्रेम करून पेटीवर लावा.

ताई, अभंग परत चढवणार असाल तर जुनेच आयएसआरसी कोड (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) द्या, कंपनी बदलली तरी. रेकॉर्डिंग आणि माहिती तीच असेल तर जुने प्ले बहुतेक जोडले जातात.

ओवी_कराड
कोड कुठे मिळतील? बाबांचा मेल उघडता येतो, पण त्यात हजारो मेल आहेत.

बीटमास्तर_७
कमाईच्या रिपोर्टच्या एक्सेल फाइली असतील, त्यात आयएसआरसी नावाचा कॉलम बघा. बारा अक्षर-आकडे असतात.

ओवी_कराड
सापडले! नऊ आहेत, तीन नाहीत. कुकरवाला आहे.

सांगलीचा_खटपट्या
उरलेले तीन बहुधा कधी कमावलेच नसतील, म्हणून रिपोर्टात नाहीत. मूळ फाइली आहेत ना? त्या तिघांना नवीन कोड घ्या. आणि खातं या वेळी स्वतःच्या मेलवर काढा.

एकतारी
आजी नेमकी कुठल्या रेडिओवर ऐकायची? साल सांगा. मी तपासणार आहे.