मूरिंगवरच्या छोट्या शिडाच्या होडीचा तळ कसा सांभाळायचा?

खाडीकाठ
२२ फुटी फायबरची होडी आहे, फिन कील (तळाखाली मधोमध खोल उतरलेलं अरुंद पातं). यंदा पहिल्यांदाच पावसाळा संपल्यावर गेटवेसमोर मूरिंगवर (तळाशी टाकलेल्या ठोकळ्याला साखळीने बांधून) ठेवतोय, मे अखेरीस बाहेर काढणार. आजूबाजूच्या होड्यांना बार्नॅकल (तळाला चिकटणारे कवचाचे जीव) पटापट धरतात. अँटिफाउलिंग (तळाला काही चिकटू नये म्हणून लावायचा रंग) मऊ घेऊ की कडक? मूरिंगचं काय बघून घेऊ? मला शनिवार-रविवारच मिळतात, तेही सगळे नाहीत.

सुकाणू_ढिलं
"तेही सगळे नाहीत" यातच उत्तर आलं. मऊ रंग होडी चालली की थोडा थोडा झिजतो आणि आतलं ताजं तांबं वर येतं. बांधून ठेवलेल्या होडीवर तो नीट झिजत नाही आणि घासायला गेलात तर रंगच हातात येतो. कडक घ्या. पाण्याबाहेर महिनोन्‌महिने राहिला की त्याचा जोर जातो, पण तुम्ही दर पावसाळ्यात होडी काढणारच आहात, म्हणजे उतरवण्याआधी नवा हात देणं आलंच. थर साचत गेले की काही वर्षांनी खरवडावे लागतात, तेवढा त्रास धरून चाला.

पहिला हात वेगळ्या रंगाचा द्या. तो दिसायला लागला की वरचा संपला. पाण्याच्या रेषेला, सुकाणूला आणि कीलच्या पुढच्या कडेला एक हात जास्त. झिंक अ‍ॅनोड (गंज स्वतःवर घेणारा जस्ताचा तुकडा) मात्र रंगवू नका. जुना रंग ओल्या पॉलिश पेपरने घासा, कोरडा नको, ती धूळ विषारी असते.

नाखवाभाऊ
रंगाचं बरोबर, पण नुसत्या रंगावर विसंबू नका. आधी शेवाळी बुळबुळीत थर येतो, तो स्पंजने निघतो. बार्नॅकलचं पिल्लू एकदा चिकटलं आणि कवच घट्ट झालं की खरवडावंच लागतं, आणि खरवडलं तरी बुडाची चकती तळालाच राहते. म्हणून हंगामात दर पंधरवड्याला कोणाला तरी पाण्यात उतरवा. आपल्या बंदरात गढूळ पाण्यात हात दिसत नाही, चाचपडतच काम करायचं. हातमोजे हवेतच, कवचं सुरीसारखी कापतात.

खाडीकाठ
भाऊ, ओहोटीला किनाऱ्यावर टेकवून घासली तर? आमच्या गावचे कोळी तसंच करतात.

नाखवाभाऊ
त्यांच्या होड्यांचा तळ त्या कामाचा. तुमची फिन कीलची आडवी पडेल, आणि भरती चढताना सरळ व्हायच्या आत पाणी शिरलं तर?

बोया_क्र_७
मूरिंगचं कोणी बोललंच नाही. मुंबईत उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. साखळीची लांबी भरतीच्या पाण्यावर ठरवा आणि ओहोटीला होडी फिरून शेजाऱ्याला घासणार नाही ना, हेही बघा. साखळी सगळ्यात जास्त झिजते ती तळाशी, जिथे ती गाळावरून उचलते आणि पुन्हा पडते तिथे. वरून चकचकीत दिसली म्हणून फसू नका. काँक्रीटच्या ठोकळ्याचं वजन पाण्यात जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटतं, विकणारा सांगतो तो आकडा जमिनीवरचा असतो. शॅकलची (साखळी जोडणाऱ्या कडीची) पिन तारेने बांधा. आणि होडीच्या पुढच्या कडेवरून दोर जातो तिथे जाड होजचा तुकडा चढवा, वाऱ्यात होड्या बहुतेक तिथेच तुटून सुटतात.

खाडीकाठ
कडक रंगच घेतो. ठोकळा आधीच टाकलेला आहे, वजन कोणालाच नक्की माहीत नाही. होडी बांधायच्या आत डायव्हर पाठवून तो गाळात किती रुतलाय ते बघून घेतो. पंधरवड्याला घासायला विश्वासू माणूस कोणाच्या ओळखीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.