अनुभव धागा : काळ्या घोड्याजवळचं डेव्हिड ससून ग्रंथालय

जहांगीर कलादालनातून बाहेर पडलं की रस्त्यापलीकडे कमानींची, पिवळसर मालाड दगडाची इमारत दिसते. ते वाचनालय आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कितींना ठाऊक असेल, देव जाणे! १८४७ साली टांकसाळीतल्या आणि सरकारी गोदीतल्या तरुण कारागिरांनी यंत्रांचे नमुने आणि पुस्तकं ठेवायला एक संस्था काढली. तिचं हे घर १८७० मध्ये पुरं झालं. खर्च सव्वा लाख. त्यातले ६० हजार ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांचे, बाकीचे सरकारचे. नाव शेठजींचं लागलं, पण सुरुवात कामगारांची, हे मला फार आवडतं.

तुम्ही तिथे कधी बसलात? काय वाचलंत? लिहा.

डोंबिवलीहून
वकिलीचा अभ्यास मी तिथेच केला. घरी एकच खोली, त्यात टीव्ही अखंड चालू. मागच्या बाजूला बाग आहे. फोर्टात झाडाखाली पुस्तक उघडून बसता येतं, यावर आईचा विश्वासच बसेना. वरच्या व्हरांड्यातल्या आरामखुर्च्या मात्र ज्येष्ठांच्या. तसा नियम नव्हता, पण आम्ही पोरं त्यांवर बसत नसू.

गिरगावातून
त्या ज्येष्ठांपैकी एक मी! बँक जवळच होती. जेवणाच्या सुट्टीत पेपर तोंडावर घ्यायचा नि डुलकी काढायची. खाली बसगाड्यांचे हॉर्न चालूच, त्याची सवय होते.
शेजारच्या चौकाला ज्याचं नाव पडलं, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळाही ससूनांच्या मुलानेच, अल्बर्ट यांनी, शहराला दिलेला. १९६५ मध्ये तो राणीच्या बागेत गेला. आत्ता उभा आहे तो २०१७ चा घोडा, त्यावर स्वार नाही. नातवंडांना दोन्ही घोडे दाखवून झाले. त्यांना राणीच्या बागेतले पेंग्विन जास्त आवडले.

पुण्याहून
आम्हा पुणेकरांना ससून म्हणजे दवाखाना. त्यामुळे आत शिरल्यावर पगडी-अंगरख्यातला संगमरवरी पुतळा पाहून चमकलोच. या गृहस्थांची कबर आमच्या लाल देवळाच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, आवारात आहे. ते वारले १८६४ मध्ये, म्हणजे पुरी झालेली इमारत त्यांनी पाहिलीच नाही. वाचायला घेतलेलं पुस्तक त्या दिवशी बाजूलाच राहिलं.

बोरिवलीहून
२०२३ च्या दुरुस्तीनंतर कुणी गेलं नाही का? मूळचं छप्पर उतरतं होतं, मधल्या काळात त्या जागी काँक्रीटचा स्लॅब आला. आता तो काढून पुन्हा लाकडी कैच्यांवर, म्हणजे त्रिकोणी सांगाड्यांवर, उतरतं छप्पर चढवलंय. वाचनकक्षाची उंची अशी काही खुलली आहे की मी अर्धा वेळ मान वर करूनच बसले होते.
गिरगावचे काका, एक विचारू? स्लॅबखाली उकडायचं म्हणून तुम्ही व्हरांड्यात झोपायचात, की पेपरच तसा होता?