डोस दुप्पट करा म्हणे!

गुणसूत्र: 'तिसरा मजला' यांनी काल लिहिलं, डासांना फवारणीच्या धुराची सवय झालीय, तेव्हा औषध दुप्पट टाका. त्यावर लाइकच्या अंगठ्यांचा पाऊस. म्हणून हे लांबण.

अहो, सवय चहाची होते. पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक डासाच्या चेतापेशीतल्या सोडियम वाहिनीला, म्हणजे सोडियम आत सोडणाऱ्या दाराला चिकटतं, वाहिनी उघडी राहते, डास तडफडून पडतो. काही एडिस, म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या डासांत या वाहिनीच्या प्रथिनात १५३४ व्या जागी फिनाइलअॅलानिन या अमिनो आम्लाऐवजी सिस्टेइन असतं. मग काही पायरेथ्रॉइडं नीट चिकटत नाहीत. भारतातल्या डासांतही हा बदल सापडलाय. असे थोडे आधीपासूनच असतात, बाकीचे मारून आपण त्यांना रान मोकळं करून देतो. डीडीटीही याच वाहिनीवर चालायचं, म्हणजे छाननी आजोबांच्या काळापासून सुरू आहे. शिवाय पी४५० एन्झाइम जास्त बनवणारे डास औषध पचवूनच टाकतात. कॉइल, लिक्विड, औषधी मच्छरदाणी, सगळीकडे बहुतेक हाच गट.

तिसरा मजला: जनुकं तुम्हाला लखलाभ. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे धूर बंद होता. डेंग्यूनं सासूबाईंच्या प्लेटलेट्स २०,००० वर आल्या. मशीन आलं, डास गेले, स्वतः पाहिलंय. आणि टाकीत डिझेल किती, औषध किती, कोण बघतं? आधी त्यावर बोला.

गुणसूत्र: सासूबाई बऱ्या झाल्या ना? पण धूर फक्त उडत्या डासांना लागतो. एडिस घरात पडद्यामागे, खाटेखाली बसतो. अळ्या तर पाण्यात निवांत.

वणीचा कापूसवाला: हे समदं आम्ही भोगून बसलो. २००२ मध्ये बीटी कापूस आला, बीटी जिवाणूचं अळीमार विष झाडातच. पुढं ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं नॉन-बीटी यायचं, कडेनं लावा म्हणे. साध्या अळ्या जगल्या पाहिजेत, चिवट अळीची जोडी त्यांच्याशी जमली पाहिजे, म्हणजे पिल्लं चिवट निघत नाहीत. साऱ्या गावानं ते पाकीट उकिरड्यावर फेकलं. २०१७ मध्ये बोंड फोडलं की आत गुलाबी अळी.

तिसरा मजला: म्हणजे आता डासही पाळायचे? वा!

खवचट: सगळं खापर शेतकऱ्यावर कशाला? आमच्या काकांनी ते पाकीट दोनदा पेरलं, निम्मंही उगवलं नाही. शिवाय लांब मुदतीचे संकरित वाण विकले, अळीला फेब्रुवारीपर्यंत घर मिळालं. त्याबद्दल चकार शब्द नाही.

वणीचा कापूसवाला: फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही उभं ठेवलेलं पीक, कोण ठेवते, बियाणेवाला का? एका पाण्यात दोन क्विंटल जास्त येते म्हणून आपणच ठेवतो.

खवचट: कर्ज डोक्यावर असलं की ठेवतात. बांधावर उभं राहून शिकवणं सोपं आहे.

वणीचा कापूसवाला: मी बांधावर नाही, वावरात उभा आहो. तू कुठून लिहून राहिला?

तिसरा मजला: भांडणं नंतर. बीटीत तर डोस जबर ठेवा असाच सिद्धांत आहे ना? मी तेच म्हटलं तर अडाणी?

गुणसूत्र: हा प्रश्न मात्र बिनतोड. एकाच पालकाकडून प्रतिकाराचं जनुक आलेली अळीही मरावी, म्हणून डोस जबर. पण झाडात विष आतूनच तयार होतं. धूर गेटपाशी ढग आणि मागच्या खोलीत नुसता वास. त्या वासात एका पालकाकडून जनुक मिळालेले डासही तगतात. दुप्पट केलंत तरी खाटेखाली अर्धवटच पोचणार. वर साधे डास मुद्दाम राखायला डेंग्यूत कोण तयार होईल? तुमचा निम्मा मुद्दा मान्य.

तिसरा मजला: निम्म्याबद्दल कोटी कोटी आभार. करायचं काय ते सांगा.

गुणसूत्र: अळ्या मारा. कापसातल्या बीटीचाच भाऊबंद, इस्रायलेन्सिस नावाचा जिवाणू, डासांच्या अळ्यांवर चालतो. त्यात एकाहून जास्त विषं असतात, सगळ्यांवर एकदम मात करणं डासाला जड जातं. फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्याला कोरड्या करा.

तिसरा मजला: आमचा ट्रे कोरडाच असतो. चौथ्या मजल्यावरच्या ताटल्या बघायला कोण जाणार? तिथं चेअरमन राहतात, आणि पार्किंगवरून आमचं बोलणं बंद आहे.

खवचट: आणि बियाण्याचं राहिलंच.