जुने अमेरिकन कट ग्लास : वाडग्याला आतून लहरी लागतात, हे कशाचे लक्षण?

प्रश्न : मी पेनसिल्व्हेनियात राहतो. येथे एका जुन्या घरातील सामानाच्या विक्रीत मला आठ इंच व्यासाचा, जड, तारकांच्या नक्षीचा वाडगा मिळाला. विक्रेत्याने तो १९०० च्या आसपासचा असल्याचे सांगितले. त्यावर कोणाचीही सही नाही आणि आतून बोट फिरवल्यास नक्षीच्या मागोमाग उंचसखलपणा जाणवतो. अशी वस्तू संग्रहात ठेवण्याजोगी आहे का?

प्रतिसाद १ : सही नसल्याने निराश होऊ नये. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनापासून पहिल्या महायुद्धापर्यंतच्या या काळातील बहुतेक भांड्यांवर सही नाहीच. आपल्याच राज्यातील व्हाइट मिल्सचा डॉर्फ्लिंगर कारखाना कागदी चिठ्ठ्या लावत असे, आणि त्या पहिल्या धुण्यातच गेल्या असणार. उलट हॉक्स किंवा लिबी या नामांकित काच कारखान्यांच्या खोट्या सह्या मागाहून उमटवलेल्या सापडतात. आतील उंचसखलपणा मात्र महत्त्वाचा आहे. पूर्वी कारागीर गुळगुळीत, जाड शिसेयुक्त काचेवर लोखंडी चाक व ओली वाळू यांनी खोल खाचा पाडीत, दगडी चाकाने त्या साफ करीत आणि शेवटी लाकडी चाकाने चकाकी आणीत. पुढे खर्च वाचवण्यासाठी नक्षी साच्यातच उमटवून चाकाने केवळ तीक्ष्ण करण्याची पद्धत आली. आपला वाडगा बहुधा त्या जातीचा आहे. तो जुना असू शकतो, पण पूर्ण हातकामाची किंमत त्याला देऊ नये.

प्रतिसाद २ : वरील मताशी मी सहमत आहे. अंधारात दीर्घ लहरींच्या अतिनील दिव्याखालीही पाहावे : जुनी अमेरिकन काच साधारणपणे फिकट पिवळसर-हिरवी दिसते. हा एकमेव पुरावा मानू नये. खाचांच्या तळाशी बारीक समांतर रेषा असतील, तर चकाकी चाकाची. कडा मेणासारख्या बोथट असतील, तर चकाकी आम्लात बुडवून आणलेली.

प्रश्नकर्ता : रेषा दिसल्या नाहीत. कडेचे दोन दाते मात्र इतरांपेक्षा आखूड भरले.

प्रतिसाद १ : म्हणजे टवके उडाल्यावर ते घासून सारखे केले आहेत. विक्रेत्याने हे आधीच सांगावयास हवे होते. वाडगा जरूर वापरावा, मात्र कढत पाणी व आंबट पदार्थ त्यात ठेवू नयेत. पहिल्याने काच तडकते आणि दुसऱ्याने तिच्यातील शिसे अन्नात उतरते.