अमेरिकन मतदार आधी देव निवडतो की आधी पक्ष?

तिठा

२०११ साली पीआरआरआय या सर्वेक्षण संस्थेने अमेरिकेत एक प्रश्न विचारला होता. खासगी आयुष्यात अनैतिक वागलेला माणूस सार्वजनिक पदावर सचोटीने काम करू शकतो का? गोऱ्या इव्हँजेलिकल (बायबललाच प्रमाण मानणाऱ्या, धर्मप्रचारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) ख्रिश्चनांपैकी फक्त ३० टक्के 'हो' म्हणाले. इतका कडक गट दुसरा नव्हता. ऑक्टोबर २०१६मध्ये तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर ७२ टक्के 'हो'. देशाच्या सरासरीपेक्षाही सैल! बायबल तेच होतं, उमेदवार तेवढा नवा होता, डोनाल्ड ट्रम्प.

माझं म्हणणं सरळ आहे. धार्मिक मतदार श्रद्धा बघून मत देतो हे आपण उगाच धरून चालतो. तो आधी गोट निवडतो, मग त्या गोटाला शोभेल अशी श्रद्धा शिवून घेतो.

जुना पुरावा हवा असेल तर १९७१ बघा. सदर्न बॅप्टिस्ट हा अमेरिकेतला सर्वांत मोठा प्रोटेस्टंट पंथ. सेंट लुइसच्या अधिवेशनात त्यांनी ठराव केला, की बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग, आईच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला धोका अशा कारणांसाठी गर्भपाताला कायद्याने परवानगी असावी. होय, सदर्न बॅप्टिस्टांनी! १९७३ला गर्भपाताचा हक्क देशभर मान्य करणारा सुप्रीम कोर्टाचा 'रो विरुद्ध वेड' हा निकाल आला तेव्हा या मंडळींनी काही रस्ते अडवले नाहीत. ते खवळले ते दुसऱ्याच गोष्टीवर. बॉब जोन्स युनिव्हर्सिटी ही दक्षिण कॅरोलिनातली ख्रिस्ती संस्था. तिथे काळ्या-गोऱ्या मुलामुलींनी एकमेकांबरोबर फिरायला बंदी होती. १९७६ला कर खात्याने तिची करसवलत काढून घेतली. नेत्यांचे हात तिथे पोळले. पण 'आमच्या वर्णभेदाला करसवलत द्या' अशी घोषणा कोण देणार? मग मुद्दा म्हणून गर्भ सापडला. १९७९ला पाद्री जेरी फॉलवेल यांनी 'मॉरल मेजॉरिटी' ही संघटना काढली, आणि पुढच्याच वर्षी या नीतिमानांनी कोणाला उचलून धरलं? समोर जिमी कार्टर होते, रविवारच्या शाळेत बायबल शिकवणारे, स्वतः सदर्न बॅप्टिस्ट. मतं गेली घटस्फोटित, हॉलिवुडच्या रेगनना, ज्यांनी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना १९६७ला गर्भपात सुलभ करणाऱ्या कायद्यावर सही केली होती.

बोला आता.

खडीसाखर

लेख चुरचुरीत आहे, पण सोयीचे दाणे तेवढे टिपलेत.

एक, गर्भपातविरोध म्हणजे इव्हँजेलिकल नेत्यांनी बसून रचलेला कट, हे अर्धसत्य आहे. कॅथलिक लोक 'रो'च्या आधीपासून लढत होते, त्यांना बॉब जोन्सशी काही देणंघेणं नव्हतं. १९७८ला आयोवात डेमोक्रॅट सिनेटर डिक क्लार्क निवडून येणार असं सगळे धरून होते. मतदानाच्या आधीच्या रविवारी चर्चच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या वायपरखाली गर्भपातविरोधी पत्रकं खोचली गेली, आणि क्लार्क पडले. ती पत्रकं खोचणारी सामान्य माणसं होती. पुढाऱ्यांना रान पेटलेलं दिसलं, मग ते शेकायला आले. तुम्ही क्रम उलटा लावताय.

दोन, मतदार सोयरीक जुळवत नसतो हो. राष्ट्राध्यक्ष म्हणजे जावई नव्हे, की चारित्र्य तपासून घरात घ्यायचा. फेब्रुवारी २०१६मध्ये न्यायमूर्ती स्कॅलिया वारले, सुप्रीम कोर्टातली एक खुर्ची रिकामी झाली. मे महिन्यात ट्रम्पनी कोणाला न्यायाधीश करणार त्यांची यादीच छापून दिली. पुढे चार वर्षांत गोर्सच, कॅव्हनॉ, बॅरेट असे तीन जण बसले आणि २४ जून २०२२ला 'रो' रद्द झाला. ४९ वर्षं एकच मागणी लावून धरली आणि पदरात पाडून घेतली. याला तुम्ही ढोंग म्हणता? गर्भ हा जीव आहे असं मनापासून मानणाऱ्या माणसाने तीन बायका केलेल्या उमेदवाराला मत देणं हा त्याच्या दृष्टीने तोलून-मापून केलेला नैतिक निर्णय आहे. तुम्हाला पटत नसेल, ठीक. पण तो श्रद्धेतूनच आलाय.

उनाड

मग सर्वेक्षणात 'हो' कशाला म्हणाले? 'माणूस वाईट आहे पण काम करून देतो' असं म्हणायचं ना. ७२ टक्के लोकांनी नियमच बदलून घेतला. तिठांचा मुद्दा तिथे आहे.

गव्हाचं_रान

मी कॅन्ससमध्ये ओव्हरलँड पार्कला राहते, अठरा वर्षं झाली. २०२२चा ऑगस्ट आमच्या गल्लीत काय होता ते सांगते, मग वाद घाला.

'रो' रद्द झाल्यावर जेमतेम सहा आठवड्यांनी, २ ऑगस्टला, राज्यघटनेतला गर्भपाताचा हक्क काढायचा की ठेवायचा यावर देशात पहिलं मतदान झालं ते आमच्याकडे. 'येस' म्हणजे हक्क काढा, 'नो' म्हणजे राहू द्या. आमच्या इथल्या कॅथलिक आर्चडायोसीसने (धर्मप्रांताने) 'येस'साठी वीस लाख डॉलरहून जास्त ओतले. अंगणोअंगणी पाट्या. आणि हे कॅन्सस आहे बरं का. १९९१च्या उन्हाळ्यात विचिटात क्लिनिकसमोर हजारो लोक रस्त्यावर झोपले होते. २००९ला गर्भपात करणारे डॉ. टिलर यांना गोळी घातली ती ते रविवारी स्वतःच्या चर्चच्या दारात लोकांचं स्वागत करत असताना. मारणाराही देवाचं नाव घेणारा आणि मेलेलाही. ते मला अजून गिळवत नाही.

माझी शेजारीण सत्तरीची आहे. रोज चर्चमध्ये मिसाला (कॅथलिक प्रार्थनेला) जाते, अंगणात मेरीची मूर्ती, ट्रम्पला दोनदा मत दिलेलं. पाटी मात्र लावली नाही. मी विचारलं तर म्हणाली, देवाला जाब मी देईन, टोपेकातल्या आमदारांनी माझ्या वतीने द्यायला नको. तिच्या तरुणपणी कधीतरी तिचा गर्भ पोटातच गेला होता, तेवढं एकदा बोलली होती. त्यापुढे ती बोलली नाही, मी विचारलं नाही.

निकाल ५९ विरुद्ध ४१, 'नो' जिंकला. त्याच राज्यात २०२०ला ट्रम्पना ५६ टक्के होते. आमच्या जॉन्सन काउंटीत तर दोन-तृतीयांशाहून जास्त 'नो'. नुसत्या डेमोक्रॅटांच्या जिवावर हे होत नाही, तेवढे इथे आहेतच कुठे.

तिठा

ताई, तुम्ही माझीच बाजू मांडलीत! मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नव्हतं, म्हणून लोक मोकळे झाले. नोव्हेंबर २०२४ला मिझुरीत तेच. ट्रम्पना ५८ टक्के आणि त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, गर्भपाताचा हक्क घटनेत घालायला ५१ टक्क्यांहून जास्त. ॲरिझोनातही दोन्ही जिंकले. म्हणजे माणूस ट्रम्पला देतो ते गर्भासाठी देतो, हे खडीसाखर यांचं गणित तिथे कोसळतं.

खडीसाखर

कोसळत नाही, फक्त माणसं वेगळी निघतात. मिझुरीत ज्यांनी दोन्हीकडे मत दिलं ते माझे मतदार नव्हेतच. ते महागाईला आणि सीमेला मत देणारे. माझे ते ४८ टक्के, ज्यांनी विरोधात दिलं. 'धार्मिक मतदार' या पोत्यात तुम्ही रविवारी न चुकता जाणारा आणि नाताळ-ईस्टरला तोंड दाखवणारा असे दोघांनाही कोंबता, आणि मग म्हणता पोतं वाकडं आहे.

आणि कॅन्ससच्या त्या आजी श्रद्धाहीन आहेत का? 'जाब देवाला मी देईन' यापेक्षा धार्मिक वाक्य या धाग्यावर अजून आलेलं नाही. जुन्या बॅप्टिस्टांची शिकवण हीच होती, देव आणि माणूस यांच्यात सरकार नको. १९६०ला केनेडी कॅथलिक म्हणून अडचणीत आले, तेव्हा ह्यूस्टनला पाद्र्यांसमोर उभं राहून त्यांनी धर्म आणि राज्य पूर्ण वेगळं ठेवण्याचीच ग्वाही दिली होती.

अटलांटाकर_आजोबा

मंडळी, मघापासून सगळे गोऱ्यांविषयीच बोलताय. इतका वेळ वाचत होतो, राहवलं नाही.

अमेरिकेत सगळ्यात जास्त चर्चला जाणाऱ्या, प्रार्थना करणाऱ्या गटांत काळे प्रोटेस्टंट मोडतात. गर्भपात, समलिंगी विवाह यांवर त्यांच्यातले कित्येक जुन्या वळणाचे. आणि मतं दहातली जवळजवळ नऊ डेमोक्रॅटांना! बायबल तेच, स्तोत्रंही बरीचशी तीच. एका बाकावर मोझेस म्हणजे दहा आज्ञा, दुसऱ्या बाकावर मोझेस म्हणजे गुलामांना सोडवून नेणारा. इथे जॉर्जियात मुदतपूर्व मतदान चालू असतं त्या रविवारी प्रार्थना संपली की चर्चच्या बसमधून लोक थेट मतदान केंद्रावर जातात, त्याला 'सोल्स टू द पोल्स' म्हणतात. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या एबेनेझर चर्चचे पाद्री राफाएल वॉर्नॉक सिनेटर आहेत, आणि व्यासपीठ सोडलेलं नाही. तुमच्या 'धार्मिक मतदार' या शब्दात हे येतात की नाही?

डिसेंबर २०१७चं अलाबामा आठवा. रॉय मूर हे रिपब्लिकन उमेदवार. कोर्टात दहा आज्ञांचा दगड बसवला, वरच्या कोर्टाने हलवा म्हटलं तर ऐकलं नाही, म्हणून २००३ला मुख्य न्यायमूर्तिपद घालवलेले. निवडणुकीच्या तोंडावर, पूर्वी अल्पवयीन मुलींच्या मागे लागल्याचे आरोप झाले. त्यांनी ते नाकारले. गोऱ्या इव्हँजेलिकलांनी ८० टक्के मतं त्यांनाच दिली. हरवलं ते काळ्या मतदारांनी, ज्यांच्यातही चर्चवालेच जास्त.

पण तिठासाहेब, तुम्हालाही एक टोला. फरक होता सुमारे २२ हजारांचा. आणि साधारण तितक्याच, किंचित जास्तच, लोकांनी छापील नावं सोडून हाताने तिसरंच नाव लिहिलं. रिपब्लिकन सिनेटर शेल्बी यांनी तसं करणार हे उघड सांगितलं होतं. डेमोक्रॅटला देववत नाही आणि मूरनाही देववत नाही, अशी ही माणसं. पक्षच सगळं ठरवत असेल तर ही २२ हजार कुठून आली?

तिठा

आजोबा, हे मान्य करायला लागतंय. काठावरच्या निवडणुकीत असे थोडेही पुरतात. पण १०० मागे दोन भरले नाहीत, तेव्हा नियम माझा आणि अपवाद तुमचा.

लिंबूटिंबू

यूटा हा अपवाद कसा? २०१२ला रिपब्लिकन रॉम्नींना ७२ टक्के, ते स्वतः मॉर्मन (यूटात मोठ्या संख्येने असलेल्या पंथाचे) म्हणून असेल. पण २०१६ला ट्रम्प ४५ वर घसरले, आणि मॅकमुलिन या ऐनवेळी उभ्या राहिलेल्या मॉर्मन उमेदवाराने २१ टक्के नेले. हे काही दोन टक्के नाहीत.

उनाड

आणि २०२०ला तेच यूटा ट्रम्पना ५८ टक्के देऊन मोकळं. सद्सद्विवेकबुद्धी एका निवडणुकीपुरती सुट्टीवर येते बहुतेक.

२००४चं पण आठवतं का कोणाला? एक्झिट पोलमध्ये सर्वांत महत्त्वाचा मुद्दा म्हणून २२ टक्क्यांनी 'नैतिक मूल्यं' निवडली आणि महिनाभर पेपरवाले नाचले, की बुशना चर्चने जिंकवलं. त्याच यादीत दहशतवाद १९ आणि इराक १५ असे वेगळे मांडले होते. बेरीज करा की. आणि 'नैतिक मूल्यं' म्हणजे काय, ते विचारलंच नव्हतं. युद्ध अनैतिक म्हणणाराही तिथेच टिक करणार.

डेट्रॉइटचा_डबा

मिशिगनमधून. इथे वेगळीच खिचडी शिजली. हॅमट्रॅमक हे छोटं शहर, सगळी नगर परिषद मुस्लिम. निवडून आले तेव्हा उदारमतवाद्यांनी टाळ्या पिटल्या. २०२३च्या जूनमध्ये याच परिषदेने सरकारी जागेवर समलिंगींचा प्राइड झेंडा लावायला बंदी केली, आणि २०२४ला महापौरांनी ट्रम्पना पाठिंबा दिला. शेजारच्या अरब-बहुल डिअरबर्नमध्ये २०२०ला बायडनना ६९ टक्के मतं होती, २०२४ला हॅरिसना ३६. ट्रम्प ४२. यात गाझा किती आणि शाळेतल्या समलिंगी विषयांच्या पुस्तकांवरचा राग किती, हे माझे तिथले सहकारीही एकसारखं सांगत नाहीत.

उलट आपले बेळगावचे श्री ठाणेदार याच डेट्रॉइटमधून २०२३पासून अमेरिकन काँग्रेसमध्ये (संसदेत) आहेत. मतदार मोठ्या प्रमाणावर काळे, चर्चला जाणारे. हिंदू आहे म्हणून अडलं नाही.

उनाड

पैसा स्वतःचा ओतला आणि समोरची मतं अर्धा डझन लोकांत फुटली, म्हणून अडलं नाही. २०२४ला रिपब्लिकन उमेदवारीसाठी आयोवात लढलेल्या विवेक रामस्वामींना विचारा. ते हिंदू असून कसे चालतील हा प्रश्न भर सभेत आला, तर बिचाऱ्याला बायबलमधले दाखले देत बसावं लागलं. साडेसात टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली. म्हणूनच भारतीय वंशाचे रिपब्लिकन नेते बॉबी जिंदाल आणि निकी हेली आधीच ख्रिश्चन होऊन मोकळे.

खडीसाखर

जिंदाल राजकारणात यायच्या कितीतरी आधी कॅथलिक झाले होते. दुसऱ्याच्या धर्मांतराचा हेतू तुम्ही पुण्यात बसून ओळखता, कमाल आहे. आणि हीच तर तिठांची मूळ चूक आहे. समोरच्याची श्रद्धा खरी की शिवलेली, हे मतांच्या टक्केवारीतून दिसत नाही.

तिठा

टक्केवारीतून नाही तर कशातून बघायचं? मनात शिरून?

गव्हाचं_रान ताई, तुमच्या शेजारीणबाईंनी २०२४ला काय केलं?

गव्हाचं_रान

ट्रम्पची पाटी लावली. ड्राइव्हवेच्या तोंडाशी, मेरीच्या मूर्तीपासून जरा लांब. लांब का, ते मला माहीत नाही, कदाचित तिथे माती मऊ असेल.

तुमचा धागा वाचून काल तिला विचारलंच. म्हटलं, मत देताना तुझ्या मनात आधी चर्च येतं की पक्ष? चिडली नाही. म्हणाली, तू दर दिवाळीला डबा घेऊन येतेस, तेव्हा मी विचारते का, ही तुझी श्रद्धा आहे की सवय?

मला पटकन उत्तर सुचलं नाही. चकल्यांचा डबा मात्र अजून तिच्याकडेच आहे, मागच्या वर्षीचा.