टॉवेल कारखान्यात बिनपगारी काम किती दिवस करावं?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत धाकट्या भावाला "आधी शीक, मग घेतो" म्हणालेत. महिना झाला, पगाराचं नाव नाही. अजून वाट बघावी का?

— तो यंत्रमाग एकटा चालवतो का? कांडी (आडव्या धाग्याची गुंडाळी) बदलणं, तुटलेला धागा जोडणं, धोटा (ती कांडी इकडून तिकडे नेणारा भाग) अडकला की माग थांबवणं जमत असेल आणि त्याचा माल विकला जात असेल, तर ते शिकणं नव्हे, मजुरी आहे. मजुरी मागाच.

— खरंच शिकवायचं असेल तर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली नोंदणीकृत करार करतात, त्यात दरमहा विद्यावेतन द्यावंच लागतं. तोंडी शब्दावर राहू नका.

— रोज पाळी, मागाचा नंबर, विणलेले नग वहीत लिहायला सांगा. "कधीपासून घेणार?" हे व्हॉट्सअपवरच विचारा. पुरावा नसला की कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज लंगडा पडतो, पोरांचं तिथंच नुकसान होतं.